सोडून देण्याची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी पोटरी आहे. उजवी. गुडघ्याच्या मागून निघते आणि टाचेपाशी संपते. आयुष्यभर माणसाच्या मागे मागे राहिल्यामुळे मला समोरून फारसं कुणी पाहिलेलं नाही. चेहऱ्याचे फोटो निघतात, बोटात अंगठ्या जातात, गळ्यात हार पडतात. पोटरीच्या वाट्याला येतो तो डास.

ज्यांच्या पायात मी नोकरीला आहे, त्या कपडे शिवतात. गिऱ्हाइकं त्यांना मास्टरबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. खिडकीशी पायमशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट शर्ट, कापायचं टेबल, आणि फरशीवर कितीही झाडलं तरी उरणाऱ्या टाचण्या. ह्या खोलीत माझी हयात गेली. तक्रार नाही. तक्रार करायला तोंड लागतं.

माझ्या कामाची गोष्ट सांगायची तर आधी नडगीवाल्याबद्दल सांगायला हवं. माझ्या पुढच्या बाजूला, हाडापलीकडे, एक स्नायू राहतो. तो पाऊल वर उचलतो. मी तेच पाऊल खाली दाबते. एकच घोटा, आणि दोघांची कामं एकमेकांच्या बरोब्बर उलट. अशा दोघांना एका घरात ठेवलं की काय होतं, ते तुम्ही आपापल्या घरी पाहिलं असेल.

आमच्यातही आधी तेच होतं. मास्टरबाई रांगायच्या वयात होत्या तेव्हा उभं राहायची वेळ आली की मी ओढायची आणि त्याच क्षणी नडगीवालाही ओढायचा. कुणी मागे हटेना. पाय ताठ व्हायचा आणि मास्टरबाई दाणकन बसायच्या. घरचे हसायचे. पुढे आम्हाला शहाणपण आलं. म्हणजे आम्हाला नाही, आमच्या वरच्या कचेरीला आलं.

ही कचेरी पाठीच्या कण्यात आहे. तिला मज्जारज्जू म्हणतात. मी ताणली गेले की माझ्या पोटातल्या बारीक तारांना ते कळतं आणि वर्दी कण्याकडे धावते. तिथून लगेच हुकूम सुटतो, ‘ओढ.’ तो माझ्यासाठी. पण त्याच वर्दीची एक फांदी शेजारी बसलेल्या एका चिमुकल्या चेतापेशीकडे जाते. तिला मी ‘मधली’ म्हणते. ही मधली कुणालाही कामाला लावत नाही. ती फक्त गप्प करते. मला ‘ओढ’ म्हटलं जात असताना ती नडगीवाल्याच्या दारात उभी राहते आणि त्याला सांगते, ‘तू सोड.’ नडगीवाला ताणला गेला की उलटा कारभार. त्याला ‘ओढ’, आणि त्याच्या बाजूची दुसरी मधली माझ्या दारात हजर. मग मी सोडते.

ह्या सगळ्यात मेंदूला कुणी विचारत नाही. मेंदू वरच्या मजल्यावर बसतो. त्याला विचारून सही घेऊन येईपर्यंत माणूस पडलेला असतो. मेंदू देखरेख करतो. जोर किती लावायचा, सुरुवात कधी करायची, आणि मुख्य म्हणजे कधी पुरे करायचं, एवढं तो वरून कळवतो.

मित्रांनो, शाळेत तुम्हाला जोर लावायला शिकवतात. रस्सी ओढा, वजन उचला, पहिला नंबर खेचून आणा. माझ्या नोकरीतलं निम्मं काम सोडून देण्याचं होतं. वेळेवर सोडलं, म्हणून पाऊल पडलं. त्याचं बक्षीस कुठल्याही समारंभात देत नाहीत.

पायमशीनवर आमची जोडी फार चांगली चालायची. चवडा दाबला की पॅडल पुढे झुकतं, ते माझं काम. टाच दाबली की मागे, ते त्याचं. ओढ, सोड, ओढ, सोड. वर सुई पळायची. गणवेश, पडदे, पिशव्या, कुणाची तरी उसवलेली पँट, सगळं आमच्या ओढण्या-सोडण्यावर शिवून निघालं. लोक म्हणायचे, ‘मास्टरबाईंच्या हातात जादू आहे.’ हातात. मी काही बोलले नाही.

मधूनच फरशीवरची एखादी टाचणी तळपायाला टोचायची. तेव्हा तर कण्याची कचेरी विजेसारखी हलायची. मला ‘सोड’, नडगीवाल्याला ‘ओढ’, मांडीच्या मागच्यांना ‘ओढ’, आणि पाय जमिनीवरून वर. त्याच वेळी डाव्या पायाला निरोप, ‘ताठ हो, सगळं वजन तुझ्यावर येतंय.’ हे सगळं उरकल्यावर निवांतपणे मास्टरबाईंचं तोंड म्हणायचं, “आई गं!” आणि घरातले विचारायचे, “काय झालं?” जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

अशी वर्षं गेली. मग वरून येणारे निरोप विरळ होऊ लागले.

आधी लक्षात आलं नाही. सकाळी उठल्यावर मी जरा ताठ असायची. मास्टरबाई म्हणाल्या, वय झालं. मग त्यांना तळपायाखाली जाड मोजा घातल्यासारखं वाटू लागलं. मोजा घातलेला नसायचा. एकदा भर रस्त्यात त्यांची चप्पल निसटली आणि त्या तशाच पुढे चालत गेल्या. भाजीवाल्याने मागून हाक मारून ती आणून दिली. मास्टरबाईंनी चपलेकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि दोघांचा संबंध जोडायला त्यांना थोडा वेळ लागला.

चालताना मी आणि नडगीवाला पुन्हा एकदम ओढू लागलो. मधलीचा आवाज बसला होता. तिला वरून बळ देणारं कुणी राहिलं नव्हतं. पाय लाकडासारखा पडायचा.

नंतर एके दुपारी पुन्हा टाचणी टोचली. पाय झटकन वर गेला. “आई गं” मात्र आलंच नाही.

मास्टरबाईंची नणंद समोर बसून बटणं लावत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे तिला सगळ्या आजारांची वेष्टनं तोंडपाठ आहेत.

“वहिनी, पाय का झटकलात?”

“मी कुठं झटकला?”

“आत्ता. मला लागला असता की.”

मास्टरबाईंनी खाली पाहिलं. “मग त्यालाच विचार.”

नणंदेने तळपाय उलटा केला. “अहो वहिनी! टाचणी आत गेलीय, नुसतं डोकं दिसतंय!”

“हो का,” मास्टरबाई म्हणाल्या. शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी पायात टाचणी गेल्याची बातमी कळावी, तशा आवाजात.

टोचल्याची वर्दी कण्यापर्यंत पोचत होती, म्हणून पाय उचलला जात होता. कण्यातून वर डोक्यापर्यंत मात्र काही जात नव्हतं. मधेच कुठेतरी रस्ता बंद झाला होता.

मग इस्पितळ आलं. मास्टरबाईंचा नवरा बरोबर होता. तो बस डेपोत ब्रेक दुरुस्त करतो. हाताला कायम काळं वंगण, आणि कुठलीही वस्तू दिसली की ती हलवून बघायची सवय. त्याने डॉक्टरीणबाईंचं टेबलही हलवून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी रबरी हातोडीने माझ्या टाचेवरच्या दोरीवर टिचकी मारली. मी इतक्या जोरात उसळले की हातोडी त्यांच्या हातून सुटायची बाकी राहिली. मग त्यांनी तळपाय हातात घेऊन एकदम वर ढकलला आणि तसाच धरून ठेवला. तर मी नाचायलाच लागले. थरथर, थरथर, थरथर. डॉक्टरीणबाई काही वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी पाय हलकेच खाली ठेवला.

“केवढी ताकद आहे बघा अजून,” नवरा म्हणाला.

“ही ताकद नाही हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी चित्र काढून दाखवलं. पाठीच्या वरच्या भागात दोन मणक्यांमधली गादी मागे सरकली होती आणि मज्जारज्जूला दाबत होती. “खालचं सगळं शाबूत आहे. वरून येणारा निरोप अडतोय. तो दाब ऑपरेशन करून काढायला हवा, आणि लवकर. उशीर केलात तर पाय जातील. जे गेलंय ते परत येईलच असं मी सांगत नाही. उरलंय ते वाचवू या.”

पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. मित्रांनो, माणसं दवाखान्यातून सगळी वाक्यं घरी नेत नाहीत. जेवढी सोसतात तेवढीच नेतात. नवऱ्याने ‘खालचं सगळं शाबूत आहे’ हे वाक्य नेलं. नणंदेला त्याने तेच सांगितलं. मास्टरबाईंनी काहीच नेलं नाही. त्या आजकाल सगळ्याला ‘बरं’ म्हणायच्या. ऑपरेशन करायचं? बरं. चहा गार झालाय? बरं. त्यांचा पाय बधीर होता तो होताच, पण तो बधीरपणा हळूहळू वर सरकत होता, आणि तो मोजायला डॉक्टरीणबाईंकडे हातोडी नव्हती.

दोन दिवसांनी, सवयीने, त्या मशीनवर जाऊन बसल्या. पाय सांगेल तसा हलत नसल्यामुळे मशीन कित्येक दिवस बंदच होतं. शिवायला काही घेतलं नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी मला उचललं आणि चवडा पॅडलवर ठेवला. टाच अधांतरी राहिली. गुडघ्याचं वजन खाली आलं आणि मी ताणली गेले.

वर्दी गेली. हुकूम आला, ‘ओढ.’ मी ओढलं. पाऊल खाली गेलं, मी सैल झाले. वजनाने पाऊल पुन्हा वर दाबलं गेलं, मी पुन्हा ताणली गेले. पुन्हा वर्दी, पुन्हा हुकूम. एरवी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला वरून निरोप यायचा, ‘पुरे.’ आता तो येत नव्हता. पॅडल खडखडू लागलं. चाक आधी मागेपुढे डुचमळलं. मास्टरबाईंचा हात सवयीने वरच्या चाकावर गेला, त्यांनी त्याला नेहमीसारखा झोका दिला, आणि मशीन पळायला लागलं.

नवरा आतून धावत आला. “अगं! चालला! पाय चालला!”

नणंद हातातलं टाकून उठली. “दादा, बघ तरी! वहिनी, पोटरी बघा तुमची, कशी उडतेय ती!”

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझं नाव घेऊन कुणी कौतुक केल्याचा हा पहिला प्रसंग. ती दोघं टाळ्या वाजवत होती. नवऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हुकूम येत होता, मी ओढत होते. जन्मभर नीट काम केलं तेव्हा माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आता मला आवरता येत नव्हतं, तर सत्कार.

“मी उद्याच जाऊन ती तारीख रद्द करतो,” नवरा म्हणाला. “आपोआप सुटतंय ते. उगाच पाठ कशाला उघडायची?”

“आमच्या दुकानात येतात ना लोक,” नणंद म्हणाली, “ऑपरेशन केलं नि कायमचे अंथरुणाला खिळले.”

“अंथरुणाला खिळलेले दुकानात कसे येतात गं?” मास्टरबाईंनी खाली बघतच विचारलं.

“त्यांचे नातेवाईक येतात.”

“बरं,” मास्टरबाई म्हणाल्या.

तेवढ्या एका ‘बरं’वर त्यांचे दोन्ही पाय जाणार होते. मला ते कळत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मी सांगू शकत होते ते एकच, आणि ते मी खडखडाट करून सांगतच होते. त्यावर टाळ्या पडत होत्या.

“काहीतरी शिवा ना वहिनी,” नणंद म्हणाली. “बोहनी होऊ दे.” तिने टेबलावरचा उशीचा अभ्रा उचलून सुईखाली सरकवला. दोन बाजू शिवायच्या राहिल्या होत्या.

मास्टरबाईंनी कापड धरून ठेवणारा दाब खाली केला आणि चाकाला पुन्हा झोका दिला. सुई पळाली. सरळ टीप पडत गेली. नवरा म्हणाला, “वा!” मग अभ्र्याचा कोपरा आला.

तुमच्यापैकी कुणी शिवण केली असेल तर तुम्हाला माहीत असेल, सरळ टीप कुणीही मारतो. शिंपी कळतो तो कोपऱ्यावर. तिथे बरोबर थांबायचं, सुई कापडात रोवून ठेवायची, दाब उचलायचा, कापड वळवायचं, आणि मग पुढे. मास्टरबाईंनी पायाला सांगितलं, थांब.

तो निरोप माझ्यापर्यंत आला नाही.

सुई कोपरा ओलांडून गेली. कापड संपलं तरी ती पळतच राहिली. मास्टरबाईंनी तळहात चाकावर दाबला. वरचं चाक थांबलं, पट्टा घसरला, पण खाली मी आणि पॅडल खडखडतच होतो. शेवटी त्यांनी एखादा कापडाचा तागा उचलावा तसं दोन्ही हातांनी मला उचललं आणि तळपाय फरशीवर सपाट ठेवला. ताण गेला. मी गप्प झाले.

त्यांनी अभ्रा बाहेर काढला. टीप कोपऱ्याच्या बाहेर गेली होती आणि पुढे नुसती दोऱ्याची शेपटी लोंबत होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच दिवसांनी त्या कशाकडे तरी नीट बघत होत्या.

“हे मी शिवलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, सवय मोडलीय तुझी,” नवरा म्हणाला. “थोडे दिवस दमानं घे.”

“अहो, मी त्याला थांब म्हटलं.”

“मग?”

“तो थांबला नाही.”

“पण चालू तर झाला ना! चालू होणं महत्त्वाचं.”

मास्टरबाईंनी मान वर केली. “तुम्ही ब्रेक न लागणारी बस डेपोतून सोडता?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“बसमध्ये माणसं असतात.”

“मग माझ्यात कोण आहे?”

नणंद अभ्र्याला लोंबणारा दोरा तोडायला म्हणून पुढे झाली आणि तशीच थांबली. नवरा पायमशीनपाशी उकिडवा बसला. त्याने पॅडल हाताने हलवून पाहिलं. मग माझ्यावर हात ठेवला. त्याचा हात गरम होता की गार, हे मास्टरबाईंना कळलं नाही. त्या हाताकडे बघत होत्या.

“पाठ उघडतात गं,” तो अगदी हळू म्हणाला.

“मी रोज लोकांच्या कपड्यांच्या पाठी उघडते. नीट शिवून देतात का, तेवढं बघायचं.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर नाही जमलं. पण हे असं चाललंय ते चालणं नाहीये हो. तारीख राहू दे.”

“बरं,” नवरा म्हणाला. ह्या वेळी तो म्हणाला.

ऑपरेशनबद्दल मी काही सांगू शकत नाही. आम्हा सगळ्यांना झोपवलं होतं, कण्याच्या कचेरीलासुद्धा. जाग आली तेव्हा मास्टरबाई पालथ्या पडून विचारत होत्या, “टाके कुणी घातले?” परिचारिकेने आरसा धरला. मास्टरबाईंनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, “जरा लांब लांब घातलेत. पण सरळ आहेत.”

नंतरचे दिवस नुसते गेले. मी बिछान्यावर पडून असायची. कुणी पाय वर ढकलला की मी अजून थरथरायची. नवरा ते बघायचा आणि तोंड फिरवायचा. आता त्याला ती ताकद वाटत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वाट बघा. वाट बघण्याचं काम मला जमतं.

व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांडे होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मोठा होता आणि त्यांना नकार ऐकू येत नसे. मास्टरबाई दांडे धरून उभ्या राहिल्या. समोर नवरा उभा होता. टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं त्याला बजावून ठेवलं होतं. त्याने हात पाठीमागे बांधले होते.

“उजवा पाय,” त्या बाई म्हणाल्या.

“कुठला?” मास्टरबाई म्हणाल्या. “मला तो जाणवत नाहीये.”

“डोळ्यांनी बघा आणि टाका.”

मास्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि वरून, फार लांबून, पडद्याआडून कुणी बोलावं तसा निरोप आला. ओढ. मी ओढलं. टाच उचलली गेली. मग दुसरा निरोप आला. तो इतका बारीक होता की मी आधी विश्वास ठेवला नाही. पुरे.

मी सोडलं.

मी सोडलं म्हणून नडगीवाल्याला उचलता आलं. पाऊल दांड्यांच्या मधून पुढे गेलं आणि फरशीवर टेकलं. वाकडं टेकलं, पण टेकलं, आणि टेकल्यावर तिथेच राहिलं.

“थांबला,” मास्टरबाई म्हणाल्या. त्या रडत वगैरे नव्हत्या. कापड तपासताना बोलतात तसं त्या बोलल्या.

नवऱ्याने हात पाठीमागेच ठेवले.

मित्रांनो, मी पूर्वीसारखी झालेले नाही. फरशी गार आहे की गरम, हे मास्टरबाईंना अजूनही पायाने कळत नाही. त्या पायाकडे बघत बघत चालतात, त्यामुळे समोरून येणाऱ्यांना वाटतं बाईंचं काहीतरी हरवलंय. सकाळी दुकान उघडण्याआधी नवरा डेपोतून आणलेला लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या फरशीवर फिरवतो आणि टाचण्या गोळा करतो. सुई पळते, पण हळू. गिऱ्हाइकं म्हणतात, मास्टरबाईंचा हात मंदावला. हात.

जाता जाता तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरात कुणाची चप्पल त्यांच्या नकळत पायातून निसटत असेल, कुणाचे पाय लाकडासारखे पडत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून विषय बंद करू नका. आणि एखादा आजारी पाय अचानक नाचायला लागला, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्या माणसाला म्हणा, “आता थांबवून दाखवा.” थांबवता आला, तर खुशाल टाळ्या वाजवा. नाही आला, तर गाडी बोलवा.